शेअर स्वतः निवडायचे की इंडेक्स फंड घेऊन मोकळं व्हायचं?

रानजाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकतो. मी ४३ वर्षांचा, नाशिकला नोकरी. २०१६ पासून स्वतः शेअर निवडून घेतोय. डीमॅटमध्ये आज सतरा कंपन्या आहेत, मिळून साधारण अकरा लाख. रविवारी सकाळी चहा झाला की वार्षिक अहवाल उघडायचा, ताळेबंद बघायचा आणि वहीत टिपणं काढायची, हा माझा ठरलेला कार्यक्रम. दोनशे पानी वही आहे. कोणती कंपनी का घेतली, कितीला घेतली, का विकली, सगळं तारखेनिशी लिहिलेलं.

गेल्या महिन्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, चार दिवस दवाखान्यात होतो. घरी आल्यावर बायकोने ती वही समोर ठेवली आणि म्हणाली, "यातलं मला काही कळत नाही. उद्या तुला काही झालं तर मी काय ठेवायचं आणि काय विकायचं?" मला उत्तर देता आलं नाही. सतरा कंपन्यांची सतरा उत्तरं, आणि सगळी माझ्या डोक्यात.

ऑफिसातला मित्र म्हणतो, सगळं विकून टाक आणि निफ्टी ५० चा इंडेक्स फंड घे, म्हणजे निवड न करता यादीतल्या पन्नासही मोठ्या कंपन्या आपसूक देणारा फंड. मन तयार होत नाही. आठ-नऊ वर्षांची मेहनत आहे, आणि खरं सांगायचं तर मला हे काम आवडतं. ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांनी सांगा. शिवाय दरमहा नवे वीस हजार टाकायचे आहेत, ते कुठे टाकू?

चिमणचारा
रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडेही अशीच वही आहे, फक्त ती नवऱ्याच्या मोबाइलमध्ये आहे आणि मोबाइलला कुलूप आहे.

हळदकुंडा_सांगली
रानजाई, आधी तब्येतीची काळजी घ्या.

मी दहा वर्षं शेअर निवडले, आता सहा वर्षं फक्त इंडेक्स फंडात आहे. मला पटलेला मुद्दा साध्या हिशेबाचा आहे. बाजारातले सगळे शेअर शेवटी कुणाच्या ना कुणाच्या मालकीचे असतात. म्हणजे सगळ्या गुंतवणूकदारांची सरासरी कमाई ही बाजाराची कमाईच असणार. मी सरासरीच्या पुढे गेलो, तर दुसरा कुणीतरी मागे राहिलाच पाहिजे. त्यात दलाली, कर, फंड मॅनेजरची फी वजा केली की निवडून घेणारे सगळे मिळून सरासरीच्या खालीच येतात. अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये हे दोन-तीन पानांत मांडलं. त्याच्या पंधरा वर्षं आधी, १९७६ साली, जॉन बोगल यांनी व्हॅनगार्ड या अमेरिकन फंड कंपनीत सामान्य माणसासाठी पहिला इंडेक्स फंड काढला, तोही याच विचारावर.

आपल्याकडे १ जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मधल्या एजंटाशिवाय थेट घ्यायचे फंड, आले आणि खर्च आणखी उतरला. वर्षाला शंभर रुपयांमागे वीस-तीस पैशांत निफ्टीच्या पन्नास कंपन्या मिळतात.

दुसरा मुद्दा यापेक्षा महत्त्वाचा. बेसेमबाइंडर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९२६ पासूनचे तिथले सगळे शेअर तपासले. सरकारी ट्रेझरी बिलांच्या वर जी काही संपत्ती बाजाराने निर्माण केली, ती जवळजवळ सगळी ४ टक्के कंपन्यांनी केली होती. निम्म्याहून जास्त शेअरनी तर ट्रेझरी बिलांइतकंही दिलं नाही. म्हणजे निवडणाऱ्याला त्या चार टक्क्यांतली हाताला लागली तर ठीक, नाहीतर वर्षानुवर्षं अभ्यास करूनही हात रिकामे. इंडेक्सवाल्याकडे त्या आपसूक असतात.

फौंड्रीवाला
माझं मत वेगळं आहे, आणि ते अनुभवाचं आहे.

माझं शिरोलीला छोटं युनिट आहे, कास्टिंगचं. पंचवीस वर्षं या धंद्यात आहे. ट्रॅक्टरवाल्यांकडून मागणी वाढली की आमच्या भट्ट्या रात्रीच्याही चालू राहतात. कुणाचं पेमेंट वेळेवर येतं, कोण नव्वद दिवसांचे दीडशे करतो, कुणाच्या खरेदी खात्यातला माणूस दर सहा महिन्यांनी बदलतो, हे मला कुठल्याही अहवालाआधी दिसतं. ज्या तीन कंपन्यांचा माल आणि माणसं मला माहीत आहेत तेवढेच शेअर माझ्याकडे आहेत. २०१३ पासून एकही विकलेला नाही. इंडेक्सच्या खूप पुढे आहे.

सरासरीच्या हिशेबात सगळे सारखेच आंधळे धरलेत. ज्याला आपल्या गल्लीतलं दिसतं त्याने डोळे मिटून का घ्यावं?

ताळेबंद
फौंड्रीवाला, अनुभवाबद्दल आदर आहे, पण सीए म्हणून एक सावधगिरी सांगतो. तुमच्या धंद्यात काय दिसतं त्यावरून मत बनवणं वेगळं. पण एखाद्या नोंदणीकृत कंपनीची अजून जाहीर न झालेली, भाव हलवणारी बातमी पुरवठादार म्हणून तुमच्या कानावर आली आणि त्यावर तुम्ही सौदा केलात, तर तो सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांत येतो. तिथे कंपनीचा कर्मचारीच असायला हवा असं नाही. धंद्याच्या संबंधातून माहिती मिळवणाराही त्यात धरला जातो.

फौंड्रीवाला
बरोबर आहे तुमचं. म्हणूनच मी घेतो तेव्हा वर्षानुवर्षांसाठी घेतो, तिमाही निकालाच्या तोंडावर हातच लावत नाही. पण तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, आमच्या एमआयडीसीत हे बऱ्याच जणांना माहीत नाही.

बोरीकाठ
निवडण्याचा विषय निघाला की आमच्या अमळनेरचं नाव येणारच, म्हणून आधीच लिहितो.

१९४५ साली आमच्या गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स सुरू झाली, वनस्पती तुपाची. तीच पुढे विप्रो. गावातल्या कित्येक घरांनी तेव्हा शेअर घेतले, बोनसवर बोनस मिळत गेले आणि पिढ्या तरून गेल्या. हे खरं आहे, मी लहानपणापासून बघत आलोय.

पण बाहेरचे लोक ही गोष्ट ज्या अर्थाने सांगतात तो मला पटत नाही. त्या माणसांनी कंपनी "ओळखली" असं काही नव्हतं. तूप बनवणारी कंपनी पुढे संगणकात जाईल हे १९४५ मध्ये कुणाला दिसणार? गावातला कारखाना म्हणून घेतले, आणि मोडायची गरज पडली नाही म्हणून ठेवले. ज्यांना पडली त्यांनी मुलीच्या लग्नात विकले. त्याच गावात प्रताप मिलही होती. त्या काळात कुणाला विचारलं असतं, दोन्हींतलं भक्कम काय, तर निम्म्या गावाने गिरणीकडे बोट दाखवलं असतं.

चिमणचारा
बोरीकाठ, फार छान लिहिलंत. "मोडायची गरज पडली नाही" यातच बरंच काही आलं.

मुळामुठा
इंडेक्सवाल्यांनी दुसरी बाजूही सांगावी. मार्च २०१५ मध्ये येस बँक आणि आयडिया सेल्युलर एकदमच निफ्टीत आल्या. पुढे दोन्हींचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. इंडेक्स फंडाला त्या घ्याव्याच लागल्या, "नको" म्हणायची सोयच नाही. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले, तेव्हा वाचवण्याच्या योजनेत शंभरापेक्षा जास्त शेअर असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी अडकवले गेले. त्यात इंडेक्स फंडही अडकले. निफ्टीतून बँक गेली, पण फंडांच्या हातात ते शेअर तसेच.

शिवाय निफ्टीचा एक तृतीयांशाहून जास्त पैसा बँका आणि वित्तीय कंपन्यांत असतो. पन्नास कंपन्या म्हणजे पन्नास वाटा, असं समजू नका.

हळदकुंडा_सांगली
मुळामुठा, दोन्ही मुद्दे खरे आहेत, नाकारत नाही. पण येस बँकेचा भाव पडत गेला तसा निफ्टीतला तिचा वाटाही आकसत गेला. शेवटी ती इतकी छोटी उरली होती की फंडधारकाला खरचटलं. ज्याच्या डीमॅटमध्ये चारच शेअर होते आणि त्यातला एक हा होता, त्याचा हातच गेला. बँकांचा वाटा जास्त वाटत असेल तर निफ्टी ५०० चा, म्हणजे पाचशे कंपन्यांचा फंड घेता येतो.

तिसरीगल्ली
थोडं अवांतर होतंय, पण विषयाला धरूनच आहे.

मागच्या दिवाळीत आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली. कापूर, जरीचं उपरणं आणि त्याखाली ब्राउन पाकिटात शेअरची प्रमाणपत्रं. जाड कागद, नक्षीची किनार, पाठीमागे हस्तांतराचे शिक्के. नऊ कंपन्या होत्या. चार आता कुठेच नाहीत. तीन दुसऱ्या कुणात विलीन झाल्या. दोन धडधाकट आहेत, आणि सगळी किंमत त्या दोनांतच.

त्या निमित्ताने १९८६ ची सेन्सेक्सची पहिली यादी पाहिली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स, हिंदुस्तान मोटर्स, बॉम्बे डाइंग, मुकंद. मुंबईची टॅक्सी म्हणजे पद्मिनी आणि साहेबांची गाडी म्हणजे अँबॅसिडर, तेव्हा यांच्याहून भरवशाचं काय वाटलं असेल? हिंदुस्तान लिव्हर, आयटीसी, लार्सन, महिंद्र ही नावं मात्र त्या यादीतही आहेत आणि आजही. आजोबांनी शेअर घेतले आणि ट्रंकेला कुलूप लावलं. यादी मात्र आपली आपण बदलत राहिली.

ज्यांच्या घरी अशा ट्रंका असतील त्यांच्यासाठी: कागदी शेअर १ एप्रिल २०१९ पासून डीमॅट केल्याशिवाय दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीत जातात. तिथून परत मिळतात, पण वारसाचे कागद गोळा करता करता माझं वर्ष गेलं.

रानजाई
तिसरीगल्ली, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे तुझी वही हीसुद्धा ट्रंकच."

पाणीपुरवठा
नोकरदारांनो, तुम्ही ठरवा न ठरवा, इंडेक्समध्ये आहातच. ऑगस्ट २०१५ पासून ईपीएफओ, म्हणजे आपला पीएफ सांभाळणारी संस्था, नव्या जमेचा काही भाग निफ्टी आणि सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये (शेअरसारखे बाजारात मिळणारे इंडेक्स फंड) टाकते. आधी ५ टक्के होता, नंतर १५ वर गेला.

जर्सीची_जाई
अमेरिकेत राहणाऱ्या मंडळींसाठी एक नोंद, कारण इथल्या सल्ल्यावर मी डोळे झाकून गेले होते.

इथे ४०१ के मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात, माझं सगळं एकाच इंडेक्स फंडात आहे, वर्षातून एकदा बघते. तेच तत्त्व भारतातल्या पैशाला लावावं म्हणून तिकडे निफ्टीचा फंड घेतला. नंतर इथल्या कर सल्लागाराने कपाळाला हात लावला. अमेरिकेचा करदाता असाल तर भारतातला कुठलाही म्युच्युअल फंड, अगदी साधा इंडेक्स फंड किंवा ईटीएफ, इथल्या कायद्यात "पीफिक" (एक प्रकारची परदेशी गुंतवणूक कंपनी) ठरतो. दरवर्षी प्रत्येक फंडासाठी फॉर्म ८६२१, आणि नफ्यावरचा कर जबर. भारतातल्या चालत्या-बोलत्या कंपनीचे शेअर थेट घेतले तर हे लफडं सहसा नसतं. म्हणून भारतातल्या पैशापुरती मी उलटी गेले: थोडे थेट शेअर, बाकी ठेवी.

चिमणचारा
जाई, हे अजिबात माहीत नव्हतं. बहिणीला डॅलसला आत्ताच पाठवते.

सातपुडा
मला एकच विचारायचंय. इंडेक्स फंडवाले सगळे सरळ वर जाणाऱ्या रेषेच्या गोष्टी सांगतात. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,३०० च्या वर होता. नोव्हेंबर २०१० मध्ये तो आकडा ओझरता दिसला आणि पुन्हा घसरला, परत दिसायला नोव्हेंबर २०१३ उजाडलं. लाभांश वेगळा धरला तरी जवळजवळ सहा वर्षं. त्या सहा वर्षांत कितीजण टिकले? मी नाही टिकलो. २०११ ला फंड मोडला आणि फ्लॅटचं बुकिंग केलं. फंड चांगलाच होता, माझा धीर सुटला.

फौंड्रीवाला
सातपुडा यांनी मनातलं लिहिलं. मला धीर राहिला तो कंपन्या माहितीच्या होत्या म्हणून. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडला. माझे शेअरही पडले. पण कारखाना तिथेच होता, यंत्रं तिथेच होती, माणसं फोनवर बोलत होती. "निफ्टी" नावाच्या आकड्याशी मला असं बोलता आलं नसतं.

हळदकुंडा_सांगली
फौंड्रीवाला, हा मुद्दा मान्य. तुमच्यासारखी धंद्यातली नजर ज्याला आहे त्याच्याशी वाद नाही. पण रानजाईंनी विचारलंय ते सतरा कंपन्यांबद्दल. सतरा धंद्यांत नजर कुणाला असते?

ताळेबंद
रानजाई, मतं ऐकण्याआधी स्वतःचा हिशेब करा, तुमच्याकडे वही आहे हे मोठं भाग्य आहे. एक शीट घ्या. पहिल्या रकान्यात प्रत्येक सौद्याची तारीख, दुसऱ्यात रक्कम: खरेदी उणे, विक्री आणि लाभांश अधिक. शेवटी आजची किंमत. एक्सआयआरआर काढा, म्हणजे तारखा धरून वर्षाला किती टक्के मिळाले ते. मग शेजारी त्याच तारखांना तीच रक्कम निफ्टीच्या फंडात टाकली आणि काढली असं धरून युनिट मांडा. जुन्या तारखांची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, अँफीच्या (म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना) संकेतस्थळावर मिळते. दोन आकडे शेजारी ठेवा.

रानजाई
ताळेबंद साहेब, शनिवार-रविवार त्यातच गेला. माझा आकडा फंडापेक्षा ०.९ टक्क्याने पुढे आला! बायकोलाही दाखवला.

ताळेबंद
अभिनंदन. पूर्ण विकून टाकलेल्या कंपन्याही धरल्यात ना?

रानजाई
नाही. डीमॅटमध्ये आज दिसतात त्याच सतरा घेतल्या होत्या.

ताळेबंद
मग अजून झालं नाही.

बोरीकाठ
आमच्या गावातली मिल हीच, जी कुणी मोजत नाही.

रानजाई
चार दिवस उशिरा लिहितोय, माफ करा. वही पहिल्या पानापासून वाचली. पूर्ण विकलेल्या नऊ कंपन्या निघाल्या. त्यातल्या पाच तोट्यात विकलेल्या, एक तर इतक्या तोट्यात की मी ते पान दुमडून ठेवलं होतं. सगळं धरल्यावर मी फंडाच्या १.६ टक्क्याने मागे आहे.

त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. २४ मार्च २०२० चं पान. वर लिहिलंय, "आणखी पडेल, निम्मं काढून घेतो." अक्षर वाकडंतिकडं. कुठल्या अहवालात वाचून हे लिहिलं नव्हतं, रात्रभर टीव्ही बघून लिहिलं होतं. त्या दिवशी विकलेल्यांपैकी दोन नंतर चौपट झाल्या. निवड बरोबर होती, पण हातात धरवली नाही. सातपुडा, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

फायदा झालाय तोही निम्म्याहून जास्त दोनच कंपन्यांतून. हळदकुंडा म्हणाले तसंच.

तर मी असं ठरवलंय. नवे वीस हजार पूर्ण इंडेक्स फंडात, निफ्टी ५०० च्या. सतरापैकी तीन कंपन्या ठेवणार, ज्यांचा धंदा मला खरोखर समजतो. बाकीच्या चौदा हळूहळू विकणार. ताळेबंद, करासाठी कसं करू?

ताळेबंद
एकदम विकू नका. वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरवर वर्षाला १.२५ लाखांपर्यंतचा नफा करमुक्त आहे, त्यापुढच्या नफ्यावर १२.५ टक्के कर (जुलै २०२४ पासून). मार्चमध्ये थोडे, एप्रिलमध्ये थोडे असं केलं की दोन आर्थिक वर्षांची मर्यादा वापरता येते. तोट्यातले आधी काढा. दीर्घ मुदतीचा तोटा दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वळता होतो आणि उरला तर आठ वर्षं पुढे नेता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं. पुढे फंडात हा व्याप राहत नाही. निफ्टीतली कंपनी बदलली तरी फंडाच्या आतल्या खरेदी-विक्रीचा कर तुमच्या माथी येत नाही.

फौंड्रीवाला
तीन ठेवताय हे वाचून बरं वाटलं. सगळं विकलं असतंत तर मी नाशिकला येऊन भांडलो असतो. पण रविवारच्या चहाचं काय?

रानजाई
चहा चालू आहे. तीनच कंपन्या राहिल्याने त्यांचे अहवाल आता शेवटच्या पानापर्यंत वाचून होतात.

बायकोसाठी एक पान केलंय, म्हणजे तिनेच तिच्या अक्षरात लिहून घेतलं. फंडाचा फोलिओ नंबर, तीन कंपन्या, प्रत्येक कंपनी कोणत्या परिस्थितीत विकायची याचं एक वाक्य. जे एका वाक्यात सांगता आलं नाही ते तिने लिहू दिलं नाही. चौथी कंपनी त्यातच गेली. नॉमिनी तपासला तर डीमॅटला अजून आईचंच नाव होतं, ती जाऊन सहा वर्षं झाली. तेही बदललं.

या रविवारी ती माझ्याबरोबर अहवाल घेऊन बसली. पहिलाच प्रश्न, "यात मालकाचा पगार कुठल्या पानावर असतो?" मी नफ्याची पानं उलटत होतो, ते पान मला सापडायला वेळ लागला.

ताळेबंद
कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या अहवालात, संचालकांच्या मानधनाच्या तक्त्यात. आणि वहिनींना सांगा, मागे टिपांमध्ये "संबंधित पक्षांशी व्यवहार" म्हणून भाग असतो, मालकाच्या घरच्या कंपन्यांना किती पैसे गेले ते तिथे दिसतं. तोही वाचा.

चिमणचारा
मोबाइलचं कुलूप आज उघडलं. शीट तयार करतेय. अँफीवर जुनी एनएव्ही नेमकी कुठे मिळते, कुणी सांगेल का?